हमजात नव्हे, हमजाद

नसीम,

तू अशी मधेच उठून गेलीस याचा मला राग आहे. तो आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल. दुसरं कोणी गेलं असतं तर चार लोक म्हणतात तसं मीही म्हटलं असतं की फार गुणी होती, देवाला आवडली. तुझ्या बाबतीत मला तसं म्हणवत नाही. आपल्या खेळातली माझी गिरजा नदीच्या धक्क्यावर उभी आहे. हातात काठी, अंगावर घोंगडी, पायाशी कुत्रं. समोर तिच्याच रूपाची, तशीच काठी-घोंगडी घेतलेली दुसरी गिरजा. त्या दुसरीत तू नेमकं काय उसवलं होतंस ते न सांगताच गेलीस. असं कोणी करतं का?

परवा एसटी डेपोत एकीनं मला विचारलं, तुम्ही दर रविवारी त्या लेडीज टेलरच्या दुकानात काय करायच्या? मी म्हटलं, खेळायचो. तिला वाटलं पत्ते. मग सांगत बसले. तुझा भाऊ जावेद औरंगाबादला शिकायला होता, तिथल्या हॉस्टेलवर तो हा खेळ शिकून आला. प्रत्येकानं एक कॅरेक्टर घ्यायचं, कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर. एकानं खेळवायचं, म्हणजे राज्यं, राक्षस, जंगलं, बाजार सगळं त्यानं मनानं रचायचं आणि आपण त्यात शिरून काय करतो ते बोलायचं. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. ती म्हणाली, म्हणजे भातुकलीच की. मी म्हटलं, हो, पण आमच्यात माणसं मरतात. हे बोलले आणि तिकिटाचं मशीन घेऊन गाडीत जाऊन बसले.

खेळ जावेदनं आणला, पण खेळवणारी तू झालीस. जावेदला नियम पाठ होते, तुला माणसं पाठ होती. घनसावंगीतल्या निम्म्या बायकांची मापं तू कधी लिहून ठेवली नाहीस. बाई दुकानात शिरली की तुला कळायचं की हिचा डावा खांदा उतरता आहे, हिला बाही सैल लागते. खेळाचंही तसंच. कागद नाही, पेन नाही. कपडा कापायच्या टेबलावर टेलरच्या खडूनं नकाशा काढायचीस आणि खेळ संपला की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचीस. सोमवारी त्याच टेबलावर कुणाच्या तरी ब्लाऊजचं कापड पसरलेलं असायचं. आमची कॅरेक्टरं म्हणजे बटणं. माझी गिरजा तपकिरी, जावेदचा जादूगार निळा, शेजारच्या रसवंतीवाल्या दत्ताचा चोर टिल्लू लाल. अर्धं शटर ओढून घ्यायचं, आतल्या पडद्यामागून अम्मी चहा सारायच्या आणि सुरू.

पडद्यामागून म्हणते, कारण अम्मी कधी बाहेर येऊन बसल्या नाहीत. पण ऐकायच्या मात्र सगळं. एकदा माझ्या गिरजाला विषारी बाण लागला तर आतून आवाज आला, "अगे, पहिले पानी तो पिलाव उसको." तू म्हणालीस, अम्मी, तुम्ही खेळात नाही आहात. त्या म्हणाल्या, मी कुठं खेळून राह्यले, मी तर माणुसकीचं बोलले.

आणि तो हमजादचा रविवार. आठवतो ना? मला तर आठवल्यावर अजून कानशिलं गरम होतात. आदल्या वेळी निघताना तू शटरमधून वाकून ओरडलीस की पुढच्या खेपेला प्रत्येकाचा हमजाद येणार, विचार करून या. रस्त्यावर ट्रॅक्टर चालला होता. मी ऐकलं, हमजात, म्हणजे आपल्याच जातीचा.

आठवडाभर माझं डोकं फिरलेलं. आपल्या खेळात नसीमनं जात आणली? आमच्या घरात धनगरपणावरून बाहेरच्यांची बोलणी कमी ऐकली नाहीत मी. चार तास त्या सगळ्यातून सुटका मिळते म्हणून तर मी तुझ्या दुकानात यायचे. तरी तू सांगितलंस म्हणून मी तयारी केली. गिरजाच्या जातीची एक वैरीण रचली, पलीकडच्या वाड्यावरची, चराईच्या कुरणावरून हिच्याशी तीन पिढ्यांचं वाकडं असलेली. झकास रचली होती. पण आल्या आल्या आधी भांडले. मी म्हटलं, "नसीम, जातीचा वैरी जातीतच शोधायचा, हे तुला कुणी शिकवलं? तू मेंढरं राखलीस का कधी?" तुझ्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. तुला आधी कळेचना मी काय म्हणतेय. मग कळलं, आणि तू हसलीस ती अशी की सगळ्या टाचण्या खाली सांडल्या. त्या दिवशी अनवाणी कुणाला फिरता आलं नाही दुकानात.

मग अम्मींनी पडदा बाजूला करून सांगितलं, की आपल्याकडे म्हणतात, प्रत्येक माणसाबरोबर त्याचा एक हमजाद जन्माला येतो. दिसायला हुबेहूब तोच. चांगला नसतो. आणि त्याचं नाव असं खेळण्यात घेऊ नये, म्हणून तुला दटावलंही. तू म्हणालीस, अम्मी, मी नाव कुठं घेते, मी तर शिवते त्याला.

माझी कुरणावरची वैरीण तू फेकून दिली नाहीस. ती तीन रविवार आमच्या मागं लागली होती आणि दत्ताच्या चोराचा कान कापून गेली. पण तेव्हापासून मी दारात दिसले की तू म्हणायचीस, आली माझी हमजात. लोकांना वाटायचं तू चुकीचं बोलतेस. चूक माझी होती, तू तिचं लाडकं नाव करून टाकलंस.

हमजाद रचायचा कसा यावर आपण किती भांडलो त्याला गणती नाही. मी म्हणायचे, सोपं आहे, उलटं करायचं. शूर असेल तर भेकड, खरं बोलणारा असेल तर खोटारडा. तू मान हलवायचीस. उलटा माणूस कुणीही ओळखेल, त्याला काय घाबरायचं, असं तुझं म्हणणं. मग तू एकदा टेबलावर एक शिवून तयार कुर्ता पसरलास आणि म्हणालीस, "हे बघ वैशे. माप तेच, कपडा तोच, कापणी तीच. फक्त एक शिवण उसवायची. मंग त्याला चालू द्यायचं, अन् कुठं कुठं फाटतं ते बघायचं." हमजाद म्हणजे एवढंच. सगळा तूच, एक शिवण सोडून.

पण शिवण कुठली, ते तू निवडायचीस, आणि तुझी निवड मला कधी पटली नाही. दत्ताचा टिल्लू भित्रा चोर. खुट्ट झालं की पळायचा, दत्ता स्वतः कुत्र्याला घाबरतो तसाच. त्याच्या हमजादमधून तू काढलंस काय, तर भीती. मी म्हटलं, अगं, भीती काढलीस तर तो चांगला होईल. तू म्हणालीस, बघ तर. तो बिनभीतीचा टिल्लू आधी खजिन्यात शिरला, मग देवळात, मग एका बाळंतिणीच्या खोलीत, झोपलेल्या पोराच्या पायातले वाळे काढायला. त्याला थांबवणारं आत काही उरलंच नव्हतं. दत्ता त्या दिवशी रसाचे ग्लास आणायलाही उठला नाही. जावेदचा जादूगार विसराळू, निम्मे मंत्र त्याला ऐन वेळी आठवत नाहीत. त्याचा हमजाद काहीच विसरेना. मंत्र विसरेना, आणि कुणी कधी केलेला अपमानही विसरेना. लहानपणी ज्यांनी ज्यांनी खोड्या काढल्या त्यांच्या घरांपुढे तो एकेक करून उभा राहिला.

तू आमच्या खोडी घ्यायचीस आणि दाखवायचीस की त्यांच्यावरच आमचा सगळा कपडा उभा आहे. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी फक्त म्हणत होते की हे नियमात बसत नाही.

आणि दुसरं भांडण त्याहून मोठं. मी म्हणायचे, हमजाद समोर आला की मारायचा. वैरी तो वैरी. तू म्हणायचीस, उसवलेलं शिवता येतं. मी म्हणायचे, म्हणजे आम्ही काठ्या-तलवारी घेऊन सुईदोऱ्यानं लढायचं का. तू म्हणायचीस, तुझ्या काठीनं आतापर्यंत कुणाचं काय भलं झालं ते सांग. हे भांडण मिटलं नाही. रसवंतीचा घुंगरू वाजत राहायचा आणि आपण ओरडत राहायचो.

शेवटी माझी पाळी आली. माझी गिरजा सातघाट नावाच्या तू रचलेल्या गावात पोचली तर तिथं ती आधीच आलेली होती. दुसरी गिरजा. तू तिचं बोलायला लागलीस की तुझा आवाज मऊ व्हायचा, दह्यासारखा. गावाला पुराचा धोका. सुभेदार म्हणाला, नावांमधून आधी धान्य हलवू, माणसं मागून. ती म्हणाली, "हो, बराबर." एक बाई पोर घेऊन आली, म्हणाली, आधी आम्हाला न्या. तिलाही ती म्हणाली, "हो, बराबर." सगळ्या गावाला ती आवडायची. कुणाचा तिच्यावर राग नाही. आणि ती जिथून गेली ती गावं मागं एकेक करून बुडालेली. दत्ता मला म्हणाला, "वैशाताई, खरं सांगू का, ही तुझ्यापरीस बरी हाय." तू तोंडाला ओढणी लावून हसलीस.

मी शोधत बसले. हिच्यात काय नाही? हिंमत आहे. कुत्र्यावर माया आहे. घोंगडीनं बाण अडतात. मी स्वतःतले गुण एकेक काढून बघत होते, की यातला कुठला गेला. तुला विचारलं तर म्हणालीस, पुढच्या रविवारी सांगते. मग लगेच म्हणालीस, न्हाई, सांगत न्हाई, तूच शोध.

त्या आठवड्यात तुला ताप आला. जालन्याला नेलं. पुढचं मला लिहायचं नाही, तुला ठाऊक आहे.

जावेदला विचारलं, तुला माहीत आहे का तिनं काय उसवलं होतं? त्याला माहीत नव्हतं. तू कुणालाच सांगायची नाहीस, लिहायची तर नाहीसच. टेबल पुसलेलं होतं. मला तेव्हा तुझ्यापेक्षा त्या ओल्या फडक्याचा राग आला.

तुझ्या चाळिसाव्या दिवसानंतर जावेदनं दुकानाचं शटर उघडलं तेव्हा आम्ही तिघं बसलो. जावेद म्हणाला, खेळ बंद करू या, नसीमआपासारखं कोण खेळवणार. दत्ता माझ्याकडे बघायला लागला. सगळ्यांना वाटत होतं मी आता उसळेन. मी म्हटलं, तू म्हणतोस ते बरोबर आहे. आणि चप्पल घालून घरी गेले.

मी तेव्हापासून अशीच झाले होते. माझं मला कळलं नाही. घरी सासूबाई म्हणाल्या, वैशाली किती शहाणी झाली. डेपोत ड्यूटी कशीही लागली तरी मी होकार द्यायचे. आमच्या गाडीवरचे ड्रायव्हर, केरबामामा, एक दिवस म्हणाले, "बाई, आजकाल मागून भांडण आयकू येत न्हाई. मला तर झोप येऊन राह्यली." मी हसले नुसती. दुःखानं माणूस मऊ होतो असं लोक म्हणतात, तेच झालं असेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, बरं वाटत होतं. कुणाशी वाद घालायचा म्हणजे कुणीतरी हवं आहे असं कबूल करणं झालं. मला कुणी नको होतं.

मग तो अंबडकडे जाणारा फेरा. गाडी भरलेली. एका सीटवर एक गृहस्थ, आणि शेजारच्या सीटवर त्यांचं सोयाबीनचं पोतं. अंतरवालीच्या फाट्याला एक बाई चढली, कडेवर तान्हं. गाडीच्या धक्क्यानं ती इकडून तिकडं जात होती. तिनं मला विचारलं, ताई, तिथं बसू का? मी त्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, पोतं खाली ठेवलं तर फाटतंय, बियाण्याचा माल आहे. आणि मी म्हणाले, "हो, बराबर."

माझ्याच तोंडातून, नसीम. तुझ्या त्या दह्यासारख्या आवाजात. बाई मान खाली घालून दांडीला धरून उभी राहिली, आणि मी तिचं तिकीट फाडता फाडता थांबले. मला सातघाटचा धक्का दिसला. आधी धान्य, मग माणसं. पोर कडेवर घेतलेली बाई. अगदी हेच तू मांडून ठेवलं होतंस, आणि मी तिथं काठी-घोंगडीत गुण शोधत होते.

तू दुसऱ्या गिरजातून माझं भांडणं उसवलं होतंस. एवढंच. जे सगळे मला सोड म्हणतात, आई लहानपणापासून ज्याच्यासाठी कपाळाला हात लावते, ज्याच्यापायी तुझ्या दुकानातून गिऱ्हाईक घाबरून परत गेलं, ते. त्या शिवणीवर माझा कपडा उभा आहे असं तुला वाटत होतं. तुझ्यासारख्या बाईला, जिला माणूस बघून माप कळायचं.

मी म्हटलं, दादा, पोतं खाली घ्या. ते म्हणाले, अहो, पण तुम्हीच आत्ता. मी म्हटलं, आत्ता म्हटलं ते मी नव्हते. मग जे भांडण झालं ते मी इथं लिहीत नाही, तू असतीस तर चहा घेऊन ऐकलं असतंस. पोत्याला तिकीट आहे का इथपासून सुरू झालं आणि त्यांच्या गावच्या सरपंचापर्यंत गेलं. निम्मी गाडी त्यांच्या बाजूनं, निम्मी माझ्या. केरबामामांनी आरसा वर करून मला बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला. बाई बसली. पोर तिच्या मांडीवर झोपलं. मी मागच्या दारापाशी जाऊन उभी राहिले आणि खूप रडले, तू गेल्यावर पहिल्यांदाच तसं. मला तुझी फार आठवण येते.

परतीच्या फेऱ्याला उतरले ती थेट दुकानात. जावेद दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी मोबाईल उघडून बसला होता. म्हटलं, खेळ बंद होणार नाही, आणि तुला एकट्याला ते ठरवायचा अधिकार कुणी दिला? तो म्हणाला, तूच बरोबर म्हणालीस त्या दिवशी. मी म्हटलं, त्या दिवशी माझा हमजाद आल्ता. त्याला हे ऐकून हसू आलं, मग डोळे भरले, मग म्हणाला, मंग खेळवणार कोण? मी म्हटलं, मी. दत्ता रस काढता काढता ओरडला की मग आम्ही मेलो.

राहिला प्रश्न गिरजाचा. खेळवणारीला कॅरेक्टर घेता येत नाही. गिरजा धक्क्यावर एकटी उभी राहणार. आम्ही तिघं तपकिरी बटणाकडे बघत होतो, तेवढ्यात अम्मी पडद्याबाहेर आल्या. तुझ्या मशीनचं स्टूल ओढलं, टेबलापाशी बसल्या आणि बटण उचललं. एवढंच म्हणाल्या, "इतने साल सुन री. खेळू द्या मला बी."

रविवारी मी खडूनं धक्का काढला. माझा खडू जाड उमटतो, तुझ्यासारखी बारीक रेघ येत नाही. नदी नालीसारखी झाली, दत्तानं तसं बोलूनही दाखवलं. मी तुझ्यासारखा आवाज मऊ करून दुसऱ्या गिरजाचं बोलायला लागले. जावेद म्हणाला, तिला मारायचं का? मी नदीची रेघ पुन्हा ओढत बसले, हा आपला जुना वाद, तिसऱ्याचं त्यात काम नाही. अम्मी म्हणाल्या, हमजाद को मारते नै, उसको पूछते. आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. धान्य आधी का? हो, बराबर. मग पोरं आधी का नाही? हो, बराबर. अम्मींचा आवाज चढत गेला. "बराबर बराबर क्या लगाया री? तेरे कू क्या लगता वो बोल."

नियमाप्रमाणे फासा टाकायला हवा होता. अम्मींनी टाकला. दोन पडले. दत्ता हळहळून म्हणाला, "कमी पडला, अम्मी. ती काय आयकत न्हाई आता." जावेदनंही मान हलवली.

मी म्हणाले, "न्हाई."

दत्तानं विचारलं, हे कोण म्हणालं, तू का ती? मला सांगता येईना. मी म्हटलं, न्हाई, आधी माणसं, धान्य मागून. अम्मींनी माझ्या हातावर हात ठेवला. आणि मग जावेद उठला, की दोनवर हमजाद कसा काय पालटतो, हे नियमात बसत नाही. दत्ता म्हणाला, बसत कसं न्हाई. अम्मी दोघांवर ओरडल्या. मी तिघांवर. शटर अर्धं होतं तरी पलीकडच्या किराणा दुकानातले लोक बाहेर येऊन उभे राहिले.

तू म्हणायचीस, उसवलेलं शिवता येतं. धक्क्यावर आता दोन गिरजा उभ्या आहेत, दोघी भांडतायत, आणि नावा माणसं घेऊन निघाल्या आहेत. सगळे म्हणाले, शेवटी नसीमचंच खरं झालं.

मी तसं कबूल करणार नाही. फासा कमीच पडला होता, नसीम.